अधिक महिना

भांडुपच्या क्लोरीन-घरात रात्रपाळी.
नऊशे किलोची पिवळी नळकांडी
आडवी निजलीत, गोठ्यातल्या म्हशींसारखी.
काठीला कापसाचा बोळा, बोळ्याला अमोनिया,
एकेका सांध्याशी धरत मी फिरतो.
पांढरा धूर दिसला की समजायचं, गळती.
आज काही नाही.
हे ‘काही नाही’ वहीत लिहून सही करावी लागते:
दोन वाजून दहा. घाग.

फोनवर शलाका. उद्या तिचा इतिहास.
सनावळ्या ती सागरगोट्यांसारख्या उडवते, झेलते:
पंच्याऐंशी, तेजपाल पाठशाळा. बेचाळीस, गवालिया टँक.
शेहेचाळीस, ‘तलवार’वरच्या खलाशांनी जेवण नाकारलं.
“सगळं आपल्याच मुंबईत, बाबा. पायी फिरून होईल.”
“एकोणीसशे पंधरा?”
“सोप्पंय. नऊ जानेवारी, अपोलो बंदर.
काठेवाडी अंगरखा, फेटा, आफ्रिकेहून परत.”
“आणि एप्रिलमध्ये?”
पानं उलटल्याचा आवाज.
“एप्रिलमध्ये काही नाही.”

एप्रिलमध्ये, पोरी,
सोनू भागोजी घाग, खडकीची सफरमैना पलटण,
बेल्जममधल्या, कुणाच्याच जिभेवर न बसणाऱ्या
एका गावाबाहेर खंदक उकरत होता.
समोरून ढग आला, जमिनीला घासत,
शेवाळलेल्या हौदाच्या रंगाचा.
आणि वास –
हे त्याने एकदाच सांगितलं, बायकोला; तिने सुनेला –
वास मिऱ्यांचा, अननसाचा.
क्षणभर त्याला वाटलं,
गुहागरचं परसदार कुणी उघडं टाकलंय.
त्याने छाती भरून श्वास घेतला.

मग कुणीतरी ओरडलं:
फेटे सोडा, त्यावर मुता, नाकातोंडाला बांधा.
फेटा! ज्याला परक्याचा हात लागला
तर गावात कोयते निघायचे.
काहीजण लाजले. ते तिथेच राहिले.
सोनूला लाज नंतर वाटली,
पुढची तेवीस वर्षं.

बोटीने परत आला तेव्हा
म्युझियमचा घुमट उभा होता, देव अजून यायचे होते.
मूर्तींसाठी बांधलेल्या दालनात ओळीने खाटा,
खाटांवर खोकला. वर घुमत जायचा, खाली परत यायचा.
तुमच्या सहलीचा फोटो आहे ना, सगळ्या दात दाखवताय,
तिथेच कुठेतरी.

गावी पोचल्यावर पहिलं काम त्याने केलं:
पोफळीवर चढलेली मिरवेल कोयत्याने तोडली.
बायको भांड भांड भांडली.
त्याने उत्तर दिलं नाही. उत्तराला श्वास लागतो.

जुनं पंचांग मी एकदा मुद्दाम शोधून काढलं.
तो वैशाख अधिक होता.
धोंड्याचा महिना. जावयाला अनारसे मिळतात,
लग्नं लागत नाहीत,
वर्षाच्या बारा महिन्यांत तो धरत नाहीत.
म्हणून असेल.

हे सगळं फोनवर बोललो असं नाही.
निम्मं बोललो. निम्मं बोळा हातात धरून
मनात.
अमोनियाने डोळ्यांत पाणी येतं, ते वेगळं.
त्याला ज्या वासाने वाचवलं
त्याच वासाने मी गळती शोधतो,
आणि ज्याने त्याची फुप्फुसं खाल्ली
ते थेंबाथेंबाने मोजून
एवढ्या मोठ्या शहराच्या पाण्यात सोडतो.
पगार घेतो त्याचा.

सव्वापाचला आपल्या नळाला पाणी येईल.
वास आला तर तू म्हणशील, बाबांच्या ऑफिसचा.
तांब्या जरा उघडा ठेव, उडून जातो.
आणि पेपरात यातलं काही लिहू नकोस,
नऊ जानेवारी लिही.

बराच वेळ ती गप्प.
मला वाटलं, झोपली.
मग: “बाबा, ती वेल परत फुटली?”

फुटली.
पणजी पाणी घालायची,
तो झोपला की.